साक्षीचं मॉडेल

मावशी हसताना तोंडावर हात धरते. तीस वर्षांची सवय आहे. लोकांना वाटतं बाई लाजाळू आहे, आणि ज्यांना असं वाटतं त्यांनी तिला कामाच्या वेळी पाहिलेलं नसतं. लाजणं तिच्या अंगी औषधालाही नाही. वरच्या दवाखान्यातून एखाद्या पेशंटच्या दातांचं माप, म्हणजे रबरात घेतलेला ठसा, खाली आलं आणि त्यात बुडबुडा दिसला, की ती ते माप तसंच हातात घेऊन दोन जिने चढते आणि डॉक्टरांना पेशंटसमोर विचारते, "हे दातांचं माप आहे की चाळणीचं?" डॉक्टर निमूटपणे दुसरं माप घेतात. ते तिच्यापेक्षा वयाने मोठे आहेत, तरी तेही तिला मावशीच म्हणतात. खरी भाची तिला एकच आहे, पण त्या इमारतीत शिरणारा प्रत्येक जण तिचा भाचा नाहीतर भाची होऊन बाहेर पडतो.

मावशी दात बनवते. तळमजल्यावर मागच्या बाजूला तिच्या दोन खोल्या आहेत. पुढच्या खोलीत खिडकीखाली लांब टेबल, त्यावर गॅसची बारीक ज्योत, मेण कोरायच्या सुऱ्या, घासायची छोटी मशीन, आणि या सगळ्यावर प्लास्टरची पांढरी भुकटी. ही भुकटी तिच्या भुवयांवर बसते, चष्म्यावर बसते, चहाच्या कपावरही बसते. मागच्या खोलीत फक्त फळ्या आहेत, जमिनीपासून छतापर्यंत, आणि फळ्यांवर दात. शेकडो माणसांच्या जबड्यांची प्लास्टरची मॉडेलं, प्रत्येकाखाली नंबराची चिठ्ठी. नवखा माणूस त्या खोलीत शिरला की त्याचा चेहरा पडतो. मावशीला तिथे बरं वाटतं. ती म्हणते, एवढी माणसं एका खोलीत, आणि एकही बोलत नाही.

ज्या म्हाताऱ्या कारागिराकडे ती काम शिकली, त्याने तिला एक नियम घालून दिला होता. कुठलंही माप आलं की त्यात प्लास्टर दोनदा ओतायचं. एक मॉडेल कामाला, एक साक्षीला. कामाचं मॉडेल कापा, घासा, तोडा, काय वाटेल ते करा. साक्षीच्या मॉडेलला सुरी लागता कामा नये. ते फळीवर ठेवायचं आणि विसरायचं. तोंड मुळात कसं होतं हे विचारायला उद्या कोणी आलं, तर सांगायला कोणीतरी हवं ना, असं तो म्हणायचा. मावशीने तो नियम एकदाही मोडला नव्हता. सगळ्यात वरच्या फळीवर कोपऱ्यात दोरीने बांधलेला एक पत्र्याचा डबा होता, तोही त्याच नियमाचा. पण त्याला ती कोणाला हात लावू देत नसे, आणि त्याच्याखाली नंबर नव्हता.

आता भाचीचं सांगायला हवं. भाची म्हणजे मावशीच्या धाकट्या बहिणीची मुलगी, वय चोवीस, तलावावर मुलांना पोहायला शिकवते. मावशी तिला मासोळी म्हणते. महिन्यापूर्वी एक घाबरलेलं पोर तिला खालून बिलगलं, आणि त्याला वर ढकलताना हिचं तोंड तलावाच्या कठड्यावर आपटलं. वरचा पुढचा दात मुळाशी तडकला. डॉक्टरांनी पाहिलं, मान हलवली आणि काढून टाकला. तात्पुरता म्हणून गुलाबी पट्टीवर बसवलेला एक दात मावशीनेच करून दिला, आणि तिथे इम्प्लांट करायचं ठरलं.

इम्प्लांट म्हणजे हाडात बसवायचा धातूचा स्क्रू, ज्यावर पुढे दात चढतो. बाहेरच्या माणसाला वाटतं की आधी स्क्रू बसतो आणि मग त्यावर मावेल तसा दात करतात. खरा प्रकार उलटा आहे. आधी मावशी मेणाचा दात कोरते. तो दात जिथे हिरडीतून बाहेर येणार, जेवढा रुंद येणार, त्यावरून स्क्रू कुठे, किती जाड आणि किती खोल हे ठरतं. दाताचा आकार चुकला तर खालचं सगळंच चुकतं. आणि हाडात बसलेली गोष्ट खोडरबराने पुसता येत नाही.

दातांचे आकार मावशीला माणसांच्या नावांपेक्षा जास्त लक्षात राहतात. काहींचे दात चौकोनी असतात, वरपासून खालपर्यंत सारख्याच रुंदीचे. असे दात शेजारी शेजारी उभे राहिले की लांबवर एकमेकांना चिकटतात, मध्ये हिरडीला फारसं कामच उरत नाही. काहींचे गोलसर असतात. आणि काहींचे पाचरीसारखे, खाली चावायच्या कडेला रुंद आणि हिरडीपाशी अगदी निमुळते. असे दोन दात फक्त कडेपाशी एकमेकांना टेकतात. मध्ये वर मोठी फट राहते, आणि ती फट झाकायला हिरडीचं लांब टोक खाली उतरलेलं असतं. ते टोक पातळ असतं, आणि त्याच्या आतलं हाड त्याहून पातळ. तिथे जाड स्क्रू घुसवला तर ते हाड विरघळतं, हाडापाठोपाठ हिरडीचं टोकही वर सरकतं, आणि दोन दातांच्या मध्ये काळं त्रिकोणी भोक उरतं. तिथे हिरडी पुन्हा उगवत नाही.

मावशीच्या घरात सगळ्यांचे दात पाचरीचे. आईचे होते, मावशीचे होते, धाकटीचे आहेत, मासोळीचे आहेत. शाळेत पोरं मावशीला पाचर म्हणूनच हाक मारायची. धाकटीलाही म्हणायची, पण धाकटी त्यांच्या तोंडावर खदखदून हसायची, मग त्यांचाच उत्साह मावळायचा. मावशीला ते जमलं नाही.

त्या गुरुवारी सकाळी साडेदहा वाजता मावशी खुशीत होती. दवाखान्याचे डॉक्टर स्वतः इम्प्लांट बसवत नाहीत. त्यासाठी दर गुरुवारी बाहेरून एक सर्जन येतात. वयाने तरुण, हाताने चांगले आणि घड्याळाचे गुलाम. मासोळीचं तोंड त्यांनी अजून पाहिलंही नव्हतं. मावशीने पाठवलेलं मॉडेल आणि मेणाचा दात स्कॅन करून, हाडाचा एक्स-रे त्याला जोडून, त्यांनी सगळं कॉम्प्युटरवर ठरवलं होतं, आणि त्याबरहुकूम पारदर्शक प्लास्टिकचं गाईड बनून आलं होतं. हे गाईड दातांवर टोपीसारखं बसतं. त्यात एक भोक असतं, आणि ड्रिल त्या भोकातूनच जातं, इकडे नाही, तिकडे नाही. मावशीने ते कामाच्या मॉडेलवर बसवून पाहिलं होतं. चपखल बसलं होतं. अकरा वाजता ऑपरेशन होतं. धाकटी आणि मासोळी वर जाऊन बसल्या होत्या. मासोळी जाताना खिडकीत डोकावून म्हणाली होती, "मावशी, दात झाला की तुझ्याकडून पार्टी."

"माझ्याकडून कशी? दात तुला, पार्टी मला."

"बरं, दोघी मिळून," असं म्हणून ती जिन्याकडे पळाली.

तेवढ्यात वरून सिस्टरचा फोन आला. "मावशी, गाईडबरोबर मॉडेलही पाठवा. सरांना समोर ठेवायला लागतं."

कामाचं मॉडेल मावशीने उचललं आणि तिलाच कसंतरी झालं. मेणाचे डाग, पेन्सिलीच्या रेघा, एका कोपऱ्याचा टवका उडालेला. असलं मॉडेल परक्या सर्जनपुढे ठेवायचं म्हणजे पारोशा तोंडाने लग्नाला जाण्यासारखं. ती मागच्या खोलीत गेली, साक्षीचं मॉडेल काढलं, फुंकर मारली आणि सहज, काही मनात नसताना, गाईड त्यावर ठेवलं.

गाईड बसेना.

तिने ते काढून पुन्हा ठेवलं. एका बाजूने दाबलं की दुसरी बाजू उचलली जायची. मोडक्या पायाच्या स्टुलासारखं ते डुगडुगत होतं. मावशीने कपाळावरचं भिंग डोळ्यांवर ओढलं. रिकाम्या जागेच्या दोन्ही बाजूंना हिरडीची दोन उंच, टोकदार टोकं होती, आणि गाईडची कड त्यांच्यावर अडत होती. तिने कामाचं मॉडेल शेजारी ठेवलं. त्यावर टोकं नव्हती. तिथे दोन बोथट, बुटके उंचवटे होते.

ते तिनेच घासले होते.

केव्हा घासले हेही आठवेना, इतकं ते हाताच्या सवयीचं होतं. शेजारच्या दातांच्या आधाराने बसणारे जुन्या पद्धतीचे ब्रिज करताना मेणाचा दात नीट बसावा म्हणून प्लास्टरची हिरडी जराशी तासावीच लागते. तीस वर्षं ती तासत आली होती. ब्रिजमध्ये त्याने काही बिघडत नाही. खरी हिरडी तोंडात जागच्या जागी असते. पण इथे सर्जनने मॉडेलवरची हिरडीच खरी धरली होती. बोथट हिरडी, रुंद मानेचा, म्हणजे हिरडीपाशीही तितकाच रुंद, चौकोनी दात. म्हणजे सोपी केस, म्हणजे जाड स्क्रू.

आणि दात चौकोनी का होता? ती स्टुलावर बसली. हाताच्या सवयीला दोष देऊन हा प्रश्न सुटत नव्हता. शेजारचा दात समोर होता, पाचरीचा, स्पष्ट. त्याची जोड कोरायला तिला डोळे मिटूनही जमलं असतं. पण त्या दिवशी मेण हातात घेतल्यावर तिच्या मनात आलं होतं की पोरीला निदान एक तरी दात धड मिळू दे. मग पुढेमागे शेजारच्यालाही चौकोनी कव्हर घालता येईल, आणि ही पाचर एकदाची घरातून जाईल. मासोळीला कोणी विचारलं नव्हतं. तिने कधी तक्रारही केली नव्हती. चौकोनी दाताची रुंद मान बसायला जागा हवी होती, म्हणून तर हिरडी तासली गेली.

घड्याळात अकराला अठरा मिनिटं कमी होती.

टेबलावर घासायची मशीन होती. मावशीने ती उचलली. गाईडची आतली कड जराशी घासली की ते साक्षीच्या मॉडेलवरही बसलं असतं. अर्ध्या मिनिटाचं काम. कोणाला काही कळलं नसतं. सर्जनने भोकातून ड्रिल घातलं असतं, जाड स्क्रू बसला असता, वर सुंदर चौकोनी दात आला असता, आणि सगळ्यांनी तिचं कौतुक केलं असतं. भोक पडायला दोन वर्षं लागली असती. तेव्हा डॉक्टर म्हणाले असते, काय करणार, हिरडीच पातळ. अळीमिळी गुपचिळी. मशीन सुरू झाली. तिची सुई गाईडच्या कडेपासून केसभर अंतरावर फिरत होती.

आणि मावशीची जीभ, रोज दिवसातून शंभरदा जाते तशी, आपोआप आपल्याच पुढच्या दातांमागे गेली आणि तिथल्या भोकाला लागली.

हे भोक धाकटीशिवाय कोणाला माहीत नव्हतं. बावीस वर्षांची असताना, काम शिकत असताना, मावशीने स्वतःचे पुढचे दोन चांगले दात एका शिकाऊ डॉक्टर मैत्रिणीकडून घासून घेतले होते आणि त्यांवर स्वतःच्या हाताने केलेली चौकोनी कव्हरं बसवली होती. पांढरीशुभ्र, रुंद मानेची, पहिल्या फळीतली कारागिरी. वर्षभर ती रस्त्याने दात दाखवत फिरली. मग हिरडी मागे हटायला लागली. रुंद मान त्या पातळ टोकांना सोसली नाही. आधी एक काळी फट आली, मग दुसरी, मग कव्हरांच्या वर दातांची करडी मुळं उघडी पडली. तेव्हापासून हसताना हात. स्वतःच्या तोंडाचं इतकं करून झाल्यावर आता ती पोरीच्या तोंडात तेच करायला निघाली होती, आणि तेही लाड म्हणून.

तिने मशीन बंद केली. दोन्ही मॉडेलं एका हातात, गाईड दुसऱ्या हातात, आणि ती जिन्याकडे धावली. लिफ्टची वाट पाहण्याएवढा धीर तिच्यात नव्हता. पहिल्या मजल्यावर धाप लागली, दुसऱ्यावर डोळ्यांपुढे काजवे चमकले. वर बाकावर धाकटी मांडीवर मासोळीची पर्स धरून बसली होती.

"ताई, काय गं? तोंड का असं?"

"आत नेलं का तिला?"

"आत्ताच. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं म्हणाली सिस्टर. काय झालंय?"

"काही नाही. तू बस."

"तू काही नाही म्हणालीस की हमखास काहीतरी असतं," धाकटी म्हणाली आणि उभी राहिली. मावशी तोवर दारापाशी पोचली होती.

सिस्टरने दार अर्धवट उघडून हात पुढे केला. "द्या मावशी, मी देते आत."

"मला सरांशी बोलायचंय."

"आता? सर ग्लोव्ह्ज घालून तयार आहेत. नंतर बोला की."

"नंतर बोलून उपयोग नाही. बाजूला हो बाळ," मावशी म्हणाली, आणि तिचा आवाज ऐकून सिस्टर खरोखरच बाजूला झाली.

आत खुर्चीवर मासोळी हिरव्या कापडाखाली आडवी होती. कापडाला तोंडापुरती खिडकी, बाकी काही दिसत नव्हतं. वर दिवा पेटलेला. ट्रेमध्ये ड्रिल ओळीने मांडलेली, आणि एका लहान डबीत स्क्रू. मावशीने तो दुरूनच ओळखला. जाडच होता.

"या मावशी, तुमचीच वाट बघत होतो," सर्जन म्हणाले. "गाईड द्या."

"आणलंय. पण लावू नका."

"का?"

"बसत नाही ते."

"थोडं अडत असेल. मी घासून घेतो, त्यात काय."

"घासू नका सर. गाईड बरोबर आहे. ज्या मॉडेलवरून केलं ते मॉडेल चुकलंय." तिने दोन्ही मॉडेलं दिव्याखाली धरली. "हे मी तुम्हाला पाठवलेलं. आणि हे खरं."

सर्जन वाकले. एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. कपाळावर आठी आली. "हिरडी कोणी तासली?"

"मी."

"का पण? तीस वर्षं काम करताय तुम्ही."

"म्हणूनच," मावशी म्हणाली. "हाताला तेच वळण आहे."

सर्जनने घड्याळाकडे पाहिलं. त्यांना राग आला होता, आणि तो त्यांनी चांगलाच आवरून धरला होता. "हे बघा, तिला इंजेक्शन देऊन झालंय. साडेबाराला माझा दुसरा पेशंट आहे. दीड-दोन मिलिमीटरचा फरक आहे. मी हिरडी उघडतो, हाड डोळ्यांनी बघतो, अंदाजाने बसवतो. शिवाय दात चौकोनी आहे, त्यामुळे फट पडायची फारशी भीती नाही."

"दात चौकोनी नाहीये तिचा."

"तुम्हीच तर कोरलाय."

"मी कोरला. तिचा तसा नाही. शेजारचा बघा ना. मेणात मी माझ्या मनाचा दात कोरला."

कापडाखालून मासोळीचा पाय हलला. दारात धाकटी येऊन उभी होती. सिस्टरने तिला अडवायचा प्रयत्न सोडून दिला होता.

"तुमच्या मनाचा म्हणजे?" सर्जनने विचारलं.

"मला आमच्या घरचे दात आवडत नाहीत," मावशी म्हणाली. इतक्या माणसांसमोर हे वाक्य उच्चारताना तिला शाळेच्या मैदानात उभं केल्यासारखं वाटलं. "पोरीला चांगला द्यावा असं वाटलं. तिला विचारलं नाही. तुम्हालाही सांगितलं नाही. चूक माझी आहे, पूर्ण माझी, डॉक्टरांना सांगा, कोणालाही सांगा. पण तो जाड स्क्रू आज बसवू नका. हिरडी टिकणार नाही."

सर्जन जरा मऊ झाले. पण ते घड्याळाचे गुलाम होते हे मी आधीच सांगितलंय. "मावशी, पातळ हिरडी प्रत्येक वेळी खचतेच असं नाही. कितीतरी लोकांची टिकते. हिची टिकणार नाही हे तुम्ही कशावरून सांगता?"

मावशीने मॉडेलं ट्रेवर ठेवली. दिव्याची मूठ धरून तो स्वतःकडे वळवला. मग दोन बोटांनी वरचा ओठ नाकापर्यंत उचलला आणि तशीच उभी राहिली.

धाकटीने मान खाली घातली. सिस्टर बघत राहिली. तीस वर्षं जे हाताआड होतं ते पांढऱ्या उजेडात उघडं पडलं होतं. दोन पिवळटलेली चौकोनी कव्हरं, वर करडी मुळं, मध्ये आणि दोन्ही बाजूंना काळी भोकं. सर्जन पुढे आले, आरसा घेतला आणि नीट पाहिलं, पेशंटचं पाहतात तसं.

"कव्हरं कोणी केली?"

ओठ वर धरून बोलता येत नव्हतं. मावशीने दुसऱ्या हाताचं बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं.

"दात मुळात हिच्यासारखे होते?"

मावशीने मान डोलावली. मग ओठ सोडला आणि म्हणाली, "हीच हिरडी आहे सर. माझ्या आईची, माझी, तिची. एकच."

सर्जनने ड्रिलच्या ट्रेवर कापड टाकलं. ग्लोव्ह्ज काढले. "आज नाही," ते म्हणाले. "बारीक स्क्रू मागवायला लागेल. तो थोडा आतल्या अंगाला, टाळूकडे बसवू. टाळूची जराशी हिरडी घेऊन पुढची जाड करू. आणि सगळं नव्याने ठरवायचं, या मॉडेलवरून." त्यांनी साक्षीच्या मॉडेलवर बोट ठेवलं. मग मावशीकडे न बघता म्हणाले, "हे मला पहिल्यांदाच मिळायला हवं होतं."

"हो," मावशी म्हणाली.

सिस्टरने मासोळीच्या तोंडावरचं कापड काढलं. तिचा अर्धा ओठ बधिर होऊन लोंबत होता आणि डोळे रागाने भरले होते. सर्जन तिला काही समजवायला गेले, पण ती मावशीकडेच बघत होती.

"माझ्या दातात काय वाईट आहे?" ती म्हणाली. शब्द बोबडे पडत होते, तरी एकूण एक समजला.

"काही नाही," मावशी म्हणाली.

"मग?"

धाकटी पुढे आली, मुलीची पर्स बहिणीच्या हातात दिली आणि मुलीला खुर्चीतून उतरवायला लागली. "घरी जाऊन भांडा," ती म्हणाली. "आधी हिच्या तोंडातली लाळ पुसू दे मला."

त्या दुपारी कोणी घरी गेलं नाही. बधिरपणा उतरेपर्यंत मासोळी खाली मावशीच्या टेबलाशी स्टुलावर बसून राहिली. मावशीने साक्षीच्या मॉडेलचं माप घेतलं, त्यात नवं प्लास्टर ओतलं आणि ते घट्ट व्हायची वाट पाहिली. मग मेण तापवलं आणि शेजारच्या दाताकडे बघत नवा दात कोरायला घेतला. कडेला रुंद, वर निमुळता, मान अगदी बारीक. हिरडीला सुरी लागू दिली नाही. अर्ध्या तासाने तिने ते मॉडेल मासोळीपुढे सरकवलं. मासोळीने ते वळवून वळवून पाहिलं आणि परत ठेवलं. हा आपला आहे असं ती म्हणाली नाही, पण नाही असंही म्हणाली नाही.

पुढचे दोन महिने सर्जनने मावशीकडे दुसरं कुठलंही काम पाठवलं नाही. डॉक्टर चार दिवस गप्प होते, मग एका मापात बुडबुडा निघाला आणि तिने त्यांना झापलं, तेव्हा सगळं पूर्ववत झालं. हे सगळं नंतरचं. त्या दुपारी मात्र मासोळीचा ओठ जागेवर आल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला तो वेगळाच.

"तुझे खरे दात कसे होते गं?"

मावशी ज्योत विझवून उठली. मग मागच्या खोलीत गेली, शिडी लावली आणि वरच्या फळीवरचा पत्र्याचा डबा उतरवला. दोरी इतकी जुनी होती की गाठ सोडवायच्या आधीच तुटली. आत कापडात गुंडाळलेलं एक मॉडेल होतं, कडेने पिवळं पडलेलं. दात घासून घेण्याच्या आदल्या दिवशी तिने स्वतःचं माप घेतलं होतं, आणि नियमाप्रमाणे त्यात दोनदा प्लास्टर ओतलं होतं.

मासोळी आपलं साक्षीचं मॉडेल घेऊन मागोमाग आली होती. तिने ते त्याच्याशेजारी धरलं. फळ्यांच्या त्या खोलीत उजेड कमी होता, पिवळं आणि पांढरं नीट वेगळं दिसत नव्हतं. आपल्या मॉडेलमधली रिकामी जागा तिने बोटाने झाकली. मग बोटाच्या जागी मावशीचा अंगठा ठेवून दोन्ही मॉडेलं तिच्या हातात दिली आणि दोन पावलं मागे जाऊन डोळे बारीक केले.

"यातलं माझं कुठलं?" ती म्हणाली. "मला कळतच नाहीये."

मावशीला हसू फुटलं. दोन्ही हातांत दोन जबडे होते, ते खाली ठेवायला जवळ जागा नव्हती, आणि साक्षीचं मॉडेल टाकून देणं तर तिच्या हातून होणंच शक्य नव्हतं. त्यामुळे हात तोंडावर गेला नाही. ती तशीच हसत राहिली, आणि मासोळी तिच्या तोंडाकडे बघत राहिली.